जपानमध्ये स्वस्त फिरत्या सुशीला पहिल्यांदा जाताना

जपानमध्ये नव्याने आलेल्या मराठी माणसाने बाहेर जेवायची सुरुवात कुठून करावी असं कुणी विचारलं, की मी कायतेन-झुशीचं नाव घेते. पट्ट्यावरून बशा सरकत येतात ती ही स्वस्त सुशीची दुकानं. ऐकणाऱ्याला हे उत्तर उलटं वाटतं. कच्चा मासा हीच तर सगळ्यात अवघड गोष्ट, ती पहिल्याच पायरीवर कशाला? पण बिचकत बिचकत खाणाऱ्या माणसाला इतकी सोयीची दुसरी जागा मला माहीत नाही. एका बशीत दोन घास असतात. किंमत आधीच दिसते. बोलावं जवळपास लागतच नाही. नाही आवडलं तर सव्वाशे येन गेले, म्हणजे आपले सत्तरेक रुपये. कच्च्या माशाबरोबर शिजवलेलं, तळलेलं, बिनमाशाचं आणि गोड असं सगळं त्याच टेबलावर येतं, त्यामुळे घरातला मासेखाऊ आणि घरातला शाकाहारी एकत्र जाऊ शकतात. शाकाहारी मंडळींनी मात्र काही गोष्टी आधी नीट समजून घ्यायला हव्यात. त्याबद्दल फार अर्धवट माहिती फिरत असते, म्हणून तो भाग मी खाली सविस्तर लिहिला आहे.

आधी दुकानाची रीत

ही कल्पना ओसाकाची. योशिआकी शिराइशी यांचं तिथे सुशीचं छोटं दुकान होतं. हाताशी माणसं कमी आणि गिऱ्हाईक कामगारवर्गातलं, त्यामुळे भाव चढवता येत नव्हता. बिअरच्या कारखान्यात बाटल्या पट्ट्यावरून सरकताना त्यांनी पाहिल्या आणि तीच युक्ती सुशीला लावली. १९५८ मध्ये हिगाशी-ओसाकात ‘गेनरोकू’ हे पहिलं फिरत्या सुशीचं दुकान उघडलं. पट्ट्याचा वेग किती ठेवायचा यावर त्यांनी बराच विचार केला आणि सेकंदाला साधारण ८ सेंटिमीटर हा वेग ठरवला. त्याहून जोरात फिरवला तर बशी उचलताना घाई होते, हळू फिरवला तर गिऱ्हाईक कंटाळतं. १९७० च्या ओसाका जागतिक प्रदर्शनात हा प्रकार लोकांच्या नजरेत भरला आणि मग देशभर पसरला.

भाव कमी राहण्यामागे यंत्रांचाही हात आहे. सुशीच्या भाताला ‘शारी’ म्हणतात आणि वरच्या माशाला ‘नेता’. शारीचे मुटके वळायला कारागिराला वर्षानुवर्षं शिकावं लागतं. सुझुमो या कंपनीने १९८१ मध्ये हे मुटके वळणारं यंत्र बाजारात आणलं. आज साखळी दुकानांत भात यंत्र वळतं आणि माणसं त्यावर मासा ठेवतात. त्यामुळे इथली सुशी म्हणजे तोक्योतल्या गिंझा या महागड्या भागातल्या उस्तादाच्या हातची सुशी नव्हे, आणि तशी अपेक्षाही ठेवू नये. पण मासा ताजा असतो, स्वच्छता चोख असते, आणि रोजच्या पगारदार माणसाला पोटभर सुशी परवडते ती अशा दुकानांमुळेच.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे आत शिरल्यावर हिरमोड होणार नाही. बऱ्याच दुकानांत आता सुशी गोल फिरत नाही. २०२३ च्या सुरुवातीला एका तरुणाचा व्हिडिओ पसरला. सामायिक सॉसच्या बाटलीला आणि पेल्यांना त्याने जीभ लावली होती. देशभर संताप उसळला. त्यानंतर अनेक साखळ्यांनी मोकळ्या बशा फिरवणं बंद केलं. आता तुम्ही पडद्यावर मागवता आणि फक्त तुमचीच बशी सरळ लेनवरून तुमच्या टेबलापाशी येऊन थांबते. खरोखर फिरणारी सुशी बघायची असेल तर कुरा सुशीला जा. तिथे प्रत्येक बशीवर पारदर्शक झाकण असतं आणि पट्टा अजून फिरतो.

कुठे, कधी, कितीत

सुशिरो, कुरा सुशी, हामा सुशी आणि काप्पा सुशी या चार मोठ्या साखळ्या. यांपैकी एखादी जवळजवळ प्रत्येक शहरात सापडते. गेंकी सुशी आणि त्यांचंच उओबेई हेही स्वस्तातले चांगले पर्याय आहेत. सिंगापूर, हाँगकाँग, तैवान किंवा अमेरिकेत राहणाऱ्यांनाही यांतली नावं ओळखीची वाटतील, कारण यांच्या शाखा तिकडेही आहेत. भाव आणि पदार्थ मात्र तिकडचे वेगळे.

‘सगळं शंभर येनला’ हे दिवस आता सरले. सुशिरोने ऑक्टोबर २०२२ मध्ये शंभर येनची बशी बंद केली, इतरांनीही कमीअधिक तेच केलं. सध्या सर्वांत स्वस्त बशी साधारण ११० ते १५० येनच्या दरम्यान मिळते. शहराबाहेर, मोठ्या रस्त्याला लागून वाहनतळ असलेल्या दुकानांत ती स्वस्त. शिबुया, शिंजुकू, नाम्बा अशा स्टेशनालगतच्या दुकानांत तीच महाग. तोक्योच्या पूर्वेला निशी-कासाईच्या आसपास बरीच मराठी कुटुंबं राहतात. त्यांनी मध्यवस्तीत रांग लावण्यापेक्षा घराजवळचं उपनगरी दुकान गाठावं. पैसे वाचतात आणि टेबलंही ऐसपैस असतात.

सुशिरोत बशीच्या रंगावरून भाव कळतो. पिवळी सगळ्यात स्वस्त, मग लाल, मग काळी. महागड्या बशीत कधीकधी दोनऐवजी एकच तुकडा असतो, हे चित्रात नीट पाहा. दोघं-तिघं वाटून खाणार असाल तर हिशेब तिथेच चुकतो. बेताचं खाणारा माणूस आठ ते दहा बशांत तृप्त होतो. एखादं सूप आणि गोड धरलं तरी माणशी १५०० येनच्या आसपास भागतं. जपानमध्ये भाव करासहित लिहावे लागतात आणि टीप देण्याची पद्धत नाही, त्यामुळे जे दिसतं तेच बिल.

वेळ नीट निवडा. शनिवार-रविवारी दुपारी आणि संध्याकाळी एक-दीड तास थांबावं लागणं नेहमीचं आहे. शक्य असेल तर कामाच्या दिवशी दुपारी दोन ते पाचच्या मध्ये जा. ते जमत नसेल तर साखळीचं मोबाइल अॅप घ्या आणि घरूनच नंबर लावा. पहिल्यांदा जाणाऱ्याला रिकाम्या वेळेचा मोठा फायदा होतो. मागे कुणी खोळंबलेलं नसतं, पडदा निवांत चाळता येतो, आणि काही अडलं तर कर्मचारीही सवडीने समजावतात.

दारातून टेबलापर्यंत

दारातच एक यंत्र उभं असतं. त्यावर माणसं किती, त्यांत लहान मुलं किती आणि टेबल हवं की काउंटर, एवढंच विचारतात. इंग्रजीचं बटण बहुधा कोपऱ्यात असतं. एकटे असाल तर काउंटर घ्या, लवकर मिळतं. यंत्रातून चिठ्ठी येते. तिच्यावरचा नंबर पडद्यावर दिसला की बहुतेक ठिकाणी पुन्हा त्याच यंत्राला चिठ्ठी दाखवायची, मग टेबल क्रमांकाची दुसरी चिठ्ठी मिळते. ही दुसरी चिठ्ठी जपून ठेवा, बिलाच्या वेळी तीच लागते. नंबर जपानीतच पुकारतात, म्हणून पडद्यावर लक्ष असू द्या. नंबर येऊन गेला आणि तुम्ही जागेवर नसाल तर पुढच्याला बोलावतात.

बसताना एक विचार करा. टेबलाची एक बाजू लेनला लागून असते. तिथे जो बसतो त्याच्याकडे वाढपाचं काम येतं, सगळ्यांच्या बशा त्यालाच उतरवून द्याव्या लागतात. त्याच बाजूला उकळत्या पाण्याचा नळही असतो. म्हणून लहान मुलाला गंमत बघायला लेनकडेला बसवण्याचा मोह होतो तो आवरा, निदान त्याच्या आणि नळाच्या मध्ये एखादं मोठं माणूस बसवा.

या नळाबद्दल थोडं आणखी. टेबलातून वर आलेली छोटी तोटी आणि तिच्याखाली काळं बटण, हे पाहून नव्या माणसाला हात धुवायची सोय वाटते. तिथे बोट नेऊ नका. त्यातून चहाचं कढत पाणी येतं आणि हात भाजतो. पेला बटणावर टेकवून दाबला की पाणी सुरू होतं. शेजारच्या डबीतली हिरवी पूड म्हणजे चहा. ती वासाबी, म्हणजे सुशीबरोबरची हिरवी झणझणीत चटणी, नव्हे; सुशीवर घालू नका. पेल्यात अर्धा चमचा पूड, वर कढत पाणी, की झाला चहा. पैसे नाहीत, हवा तितका प्या. साधं पाणी बहुतेक ठिकाणी आपणच आणायचं असतं.

बाकी चॉपस्टिक, सॉसच्या छोट्या ताटल्या, गारी म्हणजे व्हिनेगरमधलं आलं, आणि सोया सॉस हे सगळं टेबलावर किंवा टेबलाखालच्या खणात असतं. हामा सुशीत सोया सॉसचेच कितीतरी प्रकार ठेवलेले असतात. बहुतेक साखळ्यांत सुशी वासाबीशिवाय येते आणि वासाबीच्या पुड्या वेगळ्या मिळतात. पुडी टेबलावर दिसली नाही तर पडद्यावर मागवा, पैसे लागत नाहीत.

मागवायचं कसं

टेबलावरच्या पडद्याची भाषा इंग्रजी करून घ्या. चित्रं असतातच. बशी निवडा, संख्या टाका आणि शेवटी मागणी पक्की करण्याचं बटण दाबा. हे शेवटचं बटण विसरलं की माणूस वाट बघत बसतो आणि बशी काही येत नाही. एका वेळी मागवता येणाऱ्या बशांना मर्यादा असते. तशीही घाई करू नका. दोन-तीन बशा मागवा, खा, मग पुढच्या. भात कोमट आणि मासा गार असताना सुशीची खरी चव लागते. टेबलभर बशा मांडून ठेवल्या की शेवटच्या बशीतला भात घट्ट झालेला असतो.

बशी जवळ आली की पडदा आवाज देतो. काही दुकानांत ती आगगाडीच्या आकाराच्या ट्रेमध्ये येते. अशा वेळी सगळ्या बशा उतरवून घ्या आणि गाडी परत पाठवायचं बटण दाबा, नाहीतर ती तुमच्यापाशीच अडून राहते आणि पुढच्या टेबलांची सुशी थांबते.

पट्टा फिरणाऱ्या दुकानांत नियम थोडे वेगळे. उचललेली बशी परत पट्ट्यावर ठेवायची नाही, ती तुमची झाली. नुसती बघायला म्हणून हात लावायचा नाही. कुणीतरी खास मागवलेली बशी वेगळ्या रंगाच्या बैठकीवर येते, ती आपली नसेल तर जाऊ द्यायची. कुरा सुशीच्या झाकणाशी झटापट करावी लागत नाही. बशीची कड धरून वर उचलली की झाकण आपोआप उघडतं, झाकणाला हात लावायचाच नाही. रिकामी बशी पट्ट्यावर ठेवायची नाही, आणि मोबाइल पट्ट्यावर ठेवून चित्रणही करायचं नाही. २०२३ नंतर दुकानवाले याबाबत फार सावध झाले आहेत, आणि समोरच्या टेबलावरच्या अनोळखी कुटुंबाला आपल्या व्हिडिओत यायचं नसतं, हेही आहेच.

मासे खाणाऱ्यांनी कुठून सुरू करावं

कोकणातली, मुंबईतली किंवा गोव्यातली मंडळी माशात पक्की असतात, तरी कच्च्याला कचरतात. मी त्यांना सांगते, पहिल्या काही बशांत कच्चं घेऊच नका. एबी ही उकडलेली कोळंबी, तिच्यापासून सुरू करा. मग अनागो घ्या. वाम माशाच्या जातीचा हा मासा मऊ शिजवून गोडसर सॉस लावून देतात, आणि आमच्या घरच्या पाहुण्यांत तो नावडलेला मला आठवत नाही. ताको म्हणजे ऑक्टोपस, तोही उकडलेला असतो. ट्यूना-मेयो हे मासा आणि मेयोनीजचं मिश्रण समुद्री शेवाळाच्या पट्टीत भरलेलं येतं, मुलांना हमखास आवडतं.

दुसरी पायरी अबुरी. यात माशाचा वरचा भाग ज्योतीने भाजतात आणि आतला कच्चा राहतो. अबुरी सॅल्मनवर थोडं मेयोनीज किंवा चीज असतं. भाजल्याचा वास आला की मन तयार होतं.

मग साधा सॅल्मन. आज जपानी फिरत्या सुशीत सगळ्यांत लाडका मासा हाच. मारुहा-निचिरो या मासळी कंपनीच्या पाहणीत तो वर्षानुवर्षं पहिला येतो. पण ही आवड जुनी नाही. जपानजवळच्या समुद्रातल्या सॅल्मनमध्ये परजीवी असतात म्हणून तो पूर्वी शिजवूनच खात. १९८० च्या दशकात नॉर्वेने आपला मत्स्यशेतीतला सॅल्मन जपानला विकण्याची मोहीम काढली आणि हळूहळू तो कच्चा खाण्याची सवय रुजली. पाळलेला मासा, ठरलेलं खाद्य, बऱ्याचदा गोठवून आणलेला माल, त्यामुळे परजीवींची भीती फारच कमी होते. चवीला मऊ, तुपकट, वास जवळपास नाही. कच्च्या माशाची ओळख करून घ्यायला याहून सौम्य मासा नाही.

त्यापुढे मागुरो, म्हणजे ट्यूना. आपल्याकडे बाजारात कुपा किंवा गेदर म्हणून येतो त्याच कुळातला. लाल मांस, किंचित लोखंडासारखी चव. हामाची म्हणजे यलोटेल मासा, घट्ट आणि स्निग्ध. इका म्हणजे माकुल. कच्चं माकुल चिवट लागेल असं वाटतं, पण ते बारीक चिरा दिलेलं, गोडसर आणि किंचित चिकट असतं. हे सगळ्यांना पहिल्या भेटीत रुचत नाही, म्हणून मी ते उशिरा सुचवते. शिमे-साबा मात्र बांगडा खाणाऱ्याने जरूर घ्यावा. आपल्या बांगड्याच्या नात्यातला हा मासा मीठ लावून व्हिनेगरमध्ये मुरवतात. आंबट-खारट, वास पुरता माशाचा. ज्याला सॅल्मन फार सौम्य वाटला त्याला इथे आपलं काहीतरी सापडतं. इकुरा ही सॅल्मनची गाबोळी, दाण्यादाण्याने फुटणारी. घरी तळलेली गाबोळी खाल्लेल्यांना तिची चव ओळखीची वाटेल, पण खारटपणासाठी तयार राहा.

कोळंबीत एक फरक लक्षात ठेवा. नुसतं ‘एबी’ असेल तर उकडलेली; ‘नामा-एबी’ किंवा ‘आमा-एबी’ असेल तर कच्ची. चित्रात उकडलेली पांढरी-केशरी दिसते, कच्ची अर्धपारदर्शक.

गरोदर बाईने कच्चं खायचं की नाही हे आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावं. ट्यूनाच्या काही जातींत पारा जास्त असतो म्हणून जपानच्या आरोग्य खात्यानेच गरोदरपणात त्यांचं प्रमाण मर्यादित ठेवायला सांगितलं आहे. अगदी लहान मुलांनाही कच्चं देऊ नका. त्यांना अंड्याची सुशी, कॉर्न-मेयो, उदोन (रश्श्यातल्या जाड शेवया) आणि फ्रेंच फ्राइज पुरतात.

आणि गोमांस किंवा डुकराचं मांस टाळत असाल तर ‘निकू’ हा शब्द, भाजलेल्या मांसाच्या पट्ट्या आणि हॅम्बर्ग (खिम्याची टिक्की) ही चित्रं ओळखून ठेवा. सुशीच्या दुकानात मांस नसेल असं गृहीत धरू नका. रामेन या शेवयांचा रस्सा बहुधा मांसाचा असतो.

शाकाहारी असाल तर

आई-बाबा किंवा सासू-सासरे तीन महिन्यांसाठी येतात आणि त्यांना घेऊन कुठे जायचं हा प्रश्न इथल्या प्रत्येक मराठी घरात येतो. फिरत्या सुशीला नेता येतं, पण त्यांना खरं सांगून न्या. जपानी स्वयंपाकाचा पाया दाशी आहे. कोम्बू हे समुद्री शेवाळ आणि वाळवलेल्या, धुरावलेल्या कात्सुओ माशाचा कीस यांचा तो अर्क. ताटात मासा दिसत नाही अशा कितीतरी पदार्थांत तो मुरलेला असतो.

दाशी कुठे कुठे असते ते सांगते. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) घातलेलं सूप, उदोनचा रस्सा, चावानमुशी हा वाफवलेला अंड्याचा पदार्थ, गोडसर अंड्याची सुशी, आणि इनारी म्हणजे तळलेल्या टोफूच्या पिशवीत भरलेला भात. इनारी शाकाहारी म्हणून सर्रास सुचवली जाते, पण ती टोफूची पिशवी दाशीच्या पाकातच शिजवतात. टेबलावरच्या सोया सॉसमध्येही बऱ्याच साखळ्या दाशी घालतात. अंडं चालतं पण मासा अजिबात नको असं असेल, तर वरचं सगळं सोडावं लागेल.

मग राहिलं काय? काप्पा-माकी, म्हणजे काकडीचा रोल. यात भात, काकडी आणि नोरी, म्हणजे समुद्री शेवाळाचा वाळवलेला पातळ पापुद्रा. भातात मुख्यतः तांदळाचं व्हिनेगर, साखर आणि मीठ असतं. हा रोल सॉसशिवाय, वासाबीचा ठिपका आणि गारीच्या चकतीबरोबर खाल्ला तरी छान लागतो. नात्तो-माकी, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा रोल. वास उग्र, तार सुटते, आणि पुडीतल्या तयार सॉसमध्ये दाशी असू शकते. कॉर्न-मेयोत अंडं असतं. मिठात उकडलेल्या एदामामेच्या, म्हणजे कोवळ्या सोयाबीनच्या, शेंगा सगळ्यांनी खाव्यात अशा. फ्रेंच फ्राइज मिळतात, पण ते बहुधा कोळंबी तळलेल्याच तेलात तळलेले असतात. काही दुकानांत वांग्याची, लोणच्याच्या मुळ्याची, अॅव्होकाडोची सुशी मिळते. ती महिन्यागणिक बदलते, पडद्यावर भाज्यांचा विभाग उघडून पाहा. गोडात दाइगाकू-इमो, म्हणजे पाकातलं रताळं, उपासाची आठवण करून देणारं आणि फार चविष्ट. पुडिंग आणि काही केकमध्ये जिलेटिन असतं.

प्रत्येक मोठी साखळी अॅलर्जीचा तक्ता संकेतस्थळावर ठेवते. तो जरूर वापरा. अंडं, दूध, गोमांस, डुकराचं मांस, कोंबडी, जिलेटिन हे सगळं त्यात पदार्थागणिक दिसतं. पण एक मोठी मेख आहे. हा तक्ता अॅलर्जीसाठी बनवलेला आहे, शाकाहारासाठी नाही. साबा आणि सॅल्मन हे मासे त्यात असतात, पण दाशीतला कात्सुओ त्या यादीत नसतो. त्यामुळे एखाद्या पदार्थापुढे माशाची एकही खूण नसली तरी त्यात दाशी असू शकते. तक्ता पाहून ‘हे शाकाहारी आहे’ असं आई-बाबांना सांगू नका.

सुशी बनवणारे हात, सुऱ्या, फळ्या वेगळ्या नसतात. ज्यांना तेही चालत नाही त्यांना आग्रह करू नये, त्यांच्यासाठी निशी-कासाईतली भारतीय खानावळ बरी. ज्यांना फक्त माशाचा तुकडा नको आहे आणि दाशीचं वावडं नाही, त्यांचं मात्र इथे पोटभर जेवण होतं. कोण कुठल्या गटातला हे घरातून निघण्याआधी विचारून घ्या. टेबलावर बसून चर्चा करायची वेळ आली की ज्येष्ठ माणसं अवघडतात आणि नुसता चहा पिऊन उठतात.

खाताना

हाताने खाल्लेलं चालतं, सुशीची ती जुनीच पद्धत आहे. सॉस माशाच्या बाजूला लावा, भाताच्या नाही. भात सॉस शोषतो, फुटतो आणि घास खारट होतो. इकुरासारखी नोरीने वेढलेली सुशी उलटी करता येत नाही, तेव्हा गारीची चकती सॉसमध्ये बुडवून तिने वरून सॉस टिपा. दोन वेगळ्या माशांच्या मध्ये गारीचा तुकडा खाल्ला की तोंड स्वच्छ होतं. एक तुकडा एका घासात जावा अशा बेताने केलेला असतो. मोठा वाटला तर काही साखळ्यांत पडद्यावर भात कमी करण्याची सोय आहे, आणि कमी खाणाऱ्यांना जास्त प्रकार चाखायचे असतील तर ती वापरावीच.

उरलेलं बांधून घेता येत नाही. कच्चा मासा असल्याने दुकान ती जबाबदारी घेत नाही. घरी न्यायचं असेल तर पार्सलची वेगळी मागणी द्यायची, तिच्यावर कर ८ टक्के, बसून खाल्लं तर १० टक्के.

मुलं बरोबर असतील तर कुरा सुशी. रिकाम्या बशा टेबलाच्या कडेच्या खाचेत सारायच्या. त्या पाण्यातून थेट धुण्याच्या जागी जातात आणि मोजल्याही जातात. पाच बशा झाल्या की पडद्यावर छोटा खेळ लागतो, जिंकलात तर वरच्या यंत्रातून खेळण्याची डबी पडते. वाट्या आणि पेले त्या खाचेत घालायचे नाहीत, ती फक्त सुशीच्या बशांसाठी. एकच सावधगिरी सांगते. खेळासाठी म्हणून पोट भरल्यावरही बशा मागवल्या जातात. किती बशा हे आधी ठरवून बसा.

बिल

खाऊन झालं की पडद्यावर बिलाचं बटण दाबा. बशा मोजायच्या असतील तिथे कर्मचारी येऊन मोजतात. तोवर सगळ्या बशा टेबलावरच राहू द्या आणि रंगानुसार रचून ठेवल्या तर त्यांचं काम हलकं होतं. जिथे यंत्रच मोजतं तिथे पडद्यावरचा आकडा एकदा आपल्या हिशेबाशी ताडून पाहा. चुकीचा वाटला तर ‘सुमिमासेन’ (माफ करा) म्हणून हाक मारा किंवा कर्मचाऱ्याला बोलवायचं बटण दाबा. शांतपणे पुन्हा मोजून देतात, कुणी वाईट वाटून घेत नाही.

मग टेबल क्रमांकाची चिठ्ठी घेऊन दाराजवळच्या यंत्राकडे जा आणि चिठ्ठीवरची खूण यंत्राला दाखवा. रोख, कार्ड आणि बऱ्याच ठिकाणी मोबाइलने पैसे चालतात. गटाने गेला असाल तर बिल टेबलाचं एकच येतं. एकाने भरावं आणि वाटणी बाहेर येऊन करावी, यंत्रासमोर रांग अडवू नये. निघताना जवळ कुणी कर्मचारी दिसला तर ‘गोचिसोसामा देशिता’ म्हणा. जेवण छान झालं, आभार, एवढं त्यात येतं. आतून हमखास उत्तर ऐकू येईल.